मचवे फिरल्यावरचं पाणी

माझं शिक्षण म्हणाल तर पंतोजींच्या पडवीत धुळाक्षरं गिरवली, मोडी थोडी हाताखालून गेली आणि पाढे बाराच्या पुढं कधी सरकले नाहीत. तेवढ्या भांडवलावर हे लिहायला बसलो आहे. अक्षर वाकडं असेल, पण सांगतो आहे ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्यातलं काही तर मी एकट्यानंच पाहिलं. तेच सांगायचं राहून गेलं होतं.

ठाण्याच्या खाडीला लागून, कोपरीच्या अंगाला, आमचं मिठागर. आमचं म्हणजे मालकाचं. पण तीन पिढ्या आम्ही त्याची उघाडी सांभाळली, म्हणून आमचं. ज्यांनी मिठागर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीचं खारं पाणी एकदम वाफ्यात घेत नाहीत. आधी ते एका मोठ्या तळ्यात साठवतात आणि मग तिथून जरूर पडेल तसं वाफ्यावाफ्यात सोडतात. खाडी आणि तळं यांच्या मधे बांध. बांधाला एकच तोंड, ती उघाडी. तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात, त्यांत सागाच्या फळ्या एकावर एक बसतात. भरती आली की फळ्या उचलायच्या, पाणी आत घ्यायचं, आणि वेळ झाली की फळ्या टाकायच्या. लवकर टाकल्या तर तळं अपुरं राहतं आणि उशिरा टाकल्या तर घेतलेलं पाणी आल्या वाटेनं परत जातं. मिठाचा सगळा हंगाम त्या एका वेळेवर. ती वेळ ओळखणारा जो माणूस, त्याला आगरावर मान. तो मान आजाकडून बापाकडं आला, बापाकडून माझ्याकडं.

बापानं मला वेळ ओळखायची जी खूण दिली ती सोपी होती. खाडीत मचवे नांगरलेले असायचे. भरतीचं पाणी आत येत असतं तेव्हा मचव्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडं असते. पाणी फिरलं की मचवाही अंग वळवतो. "मचवं फिरलं का फळी टाकाची," बाप म्हणायचा, "मंग कोण काय बोलंल तिकरं बगाचं नाय." मी पंचवीस वर्षं तिकडं बघितलं नाही.

मग एका श्रावणातल्या उधाणानं उघाडी फोडली. लाकडी होती, सहा हात रुंद. मालकानं ती दगडी चुन्यात बांधून घेतली, आणि पुन्हा फुटायला नको म्हणून तोंड अरुंद ठेवलं, दोन हातांचं. दिसायला देखणी झाली. मी तिच्या माथ्यावर नारळ फोडला. आणि त्या हंगामापासून तळं भरेना.

भरेना म्हणजे रितं राहायचं नाही, पण दर उधाणाला हातभर कमी. आधी मी म्हटलं, खेकडे. खेकडे बांधाला भोकं पाडतात हे खोटं नाही. सबंध हंगाम मी चिखलाचे गोळे घेऊन बांधावर पालथा पडलो, एकेक भोक बुजवलं. पुढच्या वर्षी म्हटलं, तळ्यात गाळ साचला. गाळ उपसला. तळं हातभर कमीच. मालक यायचा. नुसता काठावर उभा राहून दगडावरची पाण्याची ओली रेघ बघायचा, आणि ते मला शिव्यांहून वाईट वाटायचं.

अशा वेळी माझा साडू आला.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ठाण्याच्या स्टेशनातल्या तारऑफिसात शिपाई होता. तारेला वीज पुरवणाऱ्या काचेच्या भांड्यांत तेजाब भरणं, जस्ताच्या पट्ट्या खरवडणं हे त्याचं काम. तेजाबाच्या वाफेनं खोकला लागला म्हणून काही वर्षं मोकळ्या हवेत काढावीत असं वैद्यानं सांगितलं, आणि मोकळी हवा म्हणजे आमचं आगर. मालकानं त्याला ठेवून घेतला. येताना तो एक घड्याळ घेऊन आला. तारमास्तरानं निरोप देताना दिलं होतं म्हणे. काचेला तडा होता, पण चालायचं. सगळ्या आगरावर तेवढं एकच घड्याळ. बायका डोक्यावरची मिठाची टोपली न उतरवता त्याला वेळ विचारायच्या. वेळेचं त्यांना काही करायचं नव्हतं. तो घड्याळ कसं काढतो ते बघायचं होतं.

माझी बायकोसुद्धा विचारायची.

मला घड्याळ आवडलं नाही, हे मी सरळ सांगतो. त्याचं बोलणंही आवडलं नाही. तो कुणाला खोटं ठरवत नसे, हसून बोले, आणि माझ्याशी बोलताना "साडूबुवा" म्हणे. जेवायला आला की माझी बायको निवट्यांच्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांच्या, कालवणातले मोठे निवटे त्याच्या ताटात वाढायची. विचारलं तर म्हणायची, "पाव्हना हाय. त्याला खोकला हाय." खोकल्याला निवटे चालतात हे मला त्या वर्षी कळलं.

एकदा जेवताना तो तारेच्या गोष्टी सांगत होता. समुद्राच्या तळाशी तार घातली आहे, ती पार विलायतेपर्यंत जाते. इकडं मास्तर कळ दाबतो, पण तिकडच्या टोकाला खूण जरा उशिरा उमटते. का, तर एवढी लांब तार आधी भरावी लागते. ती भरत जाते तसतसं तिकडं कळत जातं.

मी म्हटलं, "तार म्हंजे काय पखाल हाय भरायला?"

सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "पखालच हाय, साडूबुवा. तोंड बारीक आन पोट मोठं. बारीक तोंडानं मोठं पोट भराला येळ लागतो, येवरंच."

तारऑफिसात एक पेटी होती म्हणाला, कथलाचे पातळ पत्रे आणि त्यांच्या मधे मेण लावलेला कागद, असे थरावर थर. त्या पेटीतही वीज साठते. पण तिच्यात वीज घालायच्या वाटेत लांब बारीक तार घातली तर पेटी लगेच भरत नाही. बाहेरचा जोर पुरा झाला तरी पेटी मागं असते. माझी बायको हातातला पळा तसाच धरून ऐकत होती. मग ती हळूच बोलली, "आपलं तळंच बोला ना."

त्याला ते सुचलेलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं. तिला सुचलं होतं, आणि तिनं ते त्याला सांगितलं, मला नाही. पंचवीस वर्षं मी उघाडीवर बसतो, आणि तळ्याबद्दलची गोष्ट ती त्याला सांगते. तो घास तसाच ठेवून तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "बाय, तू बोललीस ते खरं हाय." मी हात धुवायला उठलो.

दुसऱ्या उधाणाला तो तळ्याच्या काठी जाऊन बसला. मी नेहमीसारखी मचव्यांवर नजर ठेवली, मचवे फिरले, मी फळी टाकली. तो चालत आला आणि हळू आवाजात, कुणी ऐकणार नाही असं बघून म्हणाला की फळी पडली तेव्हा पाणी अजून आत येत होतं. खाडी उतरणीला लागली असेल, पण तळं खाडीहून अजून खाली होतं. तोंड सहा हातांचं होतं तेव्हा तळं खाडीबरोबर भरायचं, म्हणून मचव्यांची खूण बरोबर होती. आता तोंड दोन हातांचं आहे. आता तळ्याची भरती वेगळी, खाडीच्या मागून येणारी.

मी त्याला म्हटलं, तुझी खोकल्याची पुडी घे आणि सावलीला बस.

त्यानं चुगली केली नाही. मालकानं स्वतः विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, एवढंच. पण मला तेव्हा त्यातला फरक दिसला नाही. मालकानं पुढच्या पुनवेला उघाडी त्याच्या हातात दिली. मचवे फिरले, तो घड्याळ उघडून बसून राहिला. पाऊण तास. मी बांधावर उभा राहून वाट बघत होतो की आता पाणी पळेल, आता पळेल. त्यानं फळी टाकली तेव्हा ओली रेघ हातभर वर होती, माझ्या बापाच्या वेळची.

मी मालकाला सांगितलं की ही पुनव होळीची, हिचं उधाण मुळातच मोठं. मालक म्हणाला, असेल. चैत्री पुनवेपर्यंत उघाडी याच्याकडं राहू दे. त्या दिवशी बघू, कायमची कुणाकडं द्यायची. तोवर तू बांध बघ, खेकडे फार झालेत म्हणतोस ना.

ते शेवटचं वाक्य मालक सहज बोलला. मला ते अजून टोचतं.

रात्री डोळा लागायचा नाही, हे लिहायलाही लाज वाटते, पण खरं आहे. उघाडी गेली तर मी कोण? दुसरा मजूर. माझा मुलगा कुणाचा मुलगा म्हणून ओळखला जाईल? बायको तिच्या बहिणीकडं जरा जास्तच जायला लागली असं मला वाटायचं. ती पूर्वीइतकीच जायची. मोजायला मी आता लागलो होतो.

शेवटी होळीनंतर चार दिवसांनी मी स्वतः बघायचं ठरवलं. त्याला खोटं पाडायचं म्हणून. दोन काठ्या घेतल्या, चार चार बोटांवर सुरीनं खुणा केल्या. एक खाडीच्या बाजूला रोवली, एक तळ्यात. अजून पाण्याला जोर होता. साडू तेव्हा पलीकडच्या वाफ्यांवर होता आणि तळ्यात पाणी घ्यायचा दिवस नव्हता, त्यामुळं उघाडीवर कुणी येणार नव्हतं. मी फळ्या उचलल्या आणि बांधावर बसलो. एकदा ही काठी बघायची, एकदा ती.

खाडी चढत होती. तळंही चढत होतं, पण मागून. उघाडीतून पाणी धबाधबा आत येत होतं, इतकं की दगड थरथरतोय असं वाटावं. मचवे फिरले. खाडीची काठी एक खूण उघडी झाली. तळ्याची काठी अजून बुडत होती.

खोटं कसं बोलू. बुडत होती.

माझ्या हाताजवळ गवताची काडी होती. ती मी उघाडीच्या तोंडात टाकली. ती सरळ आत गेली, पण आधीसारखी पळत नाही, चालत. थोड्या वेळानं दुसरी टाकली. ती रेंगाळत गेली. तिसरी टाकली तेव्हा ती जागीच उभी राहिली. एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि उभी. मी उठून तळ्याची काठी बघितली. तीही थांबली होती. तळं त्याच क्षणी भरलं होतं. त्यानंतरची काडी बाहेर, खाडीकडं निघाली, तशा मी फळ्या टाकल्या.

मी तिथं किती वेळ बसलो माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं की तळं सगळ्यात भरलेलं असतं तेव्हा उघाडीत पाणी अजिबात वाहत नसतं, आणि पाणी सगळ्यात जोरात वाहत असतं तेव्हा तळं अजून अर्ध्यावर असतं. वाहण्याचा जोर आधी येतो, भरणं मागून येतं. दोघं एकाच पाण्याचे, पण बरोबरीनं कधी चालत नाहीत. आणि खाडी त्या दोघांच्या मधे असते: तिची भरती पाण्याच्या जोरानंतर, पण तळ्याच्या भरण्याआधी.

मग मला खाजच सुटली. पुढचे चार दिवस मी हेच केलं. एका दिवशी फळ्या उचलल्याच नाहीत, एकच किंचित वर घेतली, चार बोटांची फट ठेवली. तेव्हा तळं जेमतेम दोन बोटं हललं, आणि पुरतं भरलं ते खाडी निम्मी उतरून गेल्यावर. म्हणजे तोंड जितकं आवळावं तितकं तळं मागं पडतं आणि तितकंच कमी हलतं. पण कितीही आवळलं तरी निम्म्या ओहोटीच्या पलीकडं ते मागं जात नाही, कारण तिथं खाडी तळ्याच्या खाली जाते आणि मग येणारं पाणीच नसतं.

अष्टमीला, भांगाचं पाणी होतं तेव्हाही बघितलं. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटी दोन्ही लहान. माझा अंदाज होता की मंद पाणी तळ्याला आणखी उशिरा भरेल. उलटं झालं. काडी लवकर उभी राहिली. पाणीच थोडं शिरायचं होतं, त्याला तेवढंच तोंड पुरलं. उधाणाला लागतो त्याच्या निम्मा वेळसुद्धा लागला नाही.

हे सगळं मला कळलं आणि मला आनंद झाला नाही. कारण सुरुवात त्याची होती. तो आला नसता तर मी आजही चिखलाचे गोळे करत बसलो असतो. त्याच्याकडं घड्याळ आणि पेटी, माझ्याकडं काडी. पण काडीसुद्धा मला त्याच्यावर दात धरूनच सापडली. हे कुणाला सांगायचं? बायकोला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पाव्हना बोलला तसंच झालं ना. म्हणून मी दोन्ही काठ्या उपटल्या आणि चुलीत घातल्या.

चैत्रात वारा फार सुटला, तळं नेहमीपेक्षा लवकर आटलं. पुनवेचं उधाण यायला आठ दिवस होते आणि वरचे वाफे कोरडे पडायला लागले. मालक म्हणाला, सप्तमीलाच पाणी घ्या, भांगाचं तर भांगाचं. तळं खाली आहे, जेवढं येईल तेवढं येईल. भांगाला पाणी घ्यायची आमच्याकडं रीत नाही. साडूनं ते कधी केलेलं नव्हतं, आणि मी केलेलं आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

दिवस कासराभर उरला होता. मी बांधावर, उघाडीपासून वीसेक पावलांवर, खेकड्याच्या भोकात चिखल थापत होतो. साडू उघाडीच्या दगडाला पाठ टेकून, तोंड तळ्याकडं करून बसला होता, घड्याळ तळहातावर. मचवे फिरले. त्यानं मला हाक मारून विचारलं, "साडूबुवा, भांगाचं पानी मंद. जास्त थांबाला लागंल ना?"

मी म्हटलं, "तुझ्याकरं घरयाळ हाय."

तो हसला आणि थांबला.

पाण्यावर केरकचरा तरंगत होता, गवताच्या काड्या, एक सुकलेलं पान. सगळं आत चाललं होतं, हळूहळू. थोड्या वेळात ते पान उघाडीच्या तोंडाशी उभं राहिलं. मी हातातला चिखल धरून राहिलो. आता एक शब्द बोललो असतो की पुरे होतं. पान अंगाभोवती फिरलं आणि खाडीकडं निघालं. त्याच्या मागं काड्या निघाल्या. साडूची त्यांच्याकडं पाठ होती. तो घड्याळाकडं बघत होता, कारण पाऊण तासाचा आकडा त्याला माहीत होता आणि आकड्यात त्यानं भांगासाठी थोडी भर घातली होती.

मी चिखल भोकात दाबला. मग दुसऱ्या भोकाकडं गेलो. तिथं भोक नव्हतं.

बायको तेव्हा बांधावरून येत होती, रिकामी टोपली कमरेला. ती माझ्यापाशी थांबली. आम्ही दोघं उघाडीकडं बघत उभे होतो असं म्हणा, किंवा मी एकटाच बघत होतो आणि ती माझ्याकडं, असं म्हणा. मग ती पुढं गेली.

साडूनं फळी टाकली तेव्हा आलेल्यातलं निम्मं पाणी परत गेलं होतं. तळ्याच्या दगडावर दोन रेघा दिसत होत्या, एक वरची ओली आणि तिच्या खाली पाणी. आंधळ्यालाही कळावं. आठ दिवस वरचे वाफे भेगाळून पडले, फावडी बांधाला टेकून उभी राहिली, आणि बायकांना बसून राहावं लागलं. साडू मालकासमोर उभा राहून म्हणाला, चूक माझी, मी घड्याळ बघितलं, पाणी बघितलं नाही. असं बोलायची त्याची ती तऱ्हा. चूक कबूल करतानासुद्धा तो माझ्यापेक्षा उंच दिसला. त्या क्षणी मी त्याचा जितका हेवा केला तितका त्याच्या घड्याळाचाही केला नव्हता.

पुनवेला मालकानं मला बोलावलं. मी मचव्यांकडं बघितलं नाही, घड्याळ मागितलं नाही. उघाडीवर ओणवा झालो, काड्या टाकत राहिलो, आणि काडी उभी राहिली तशी फळी टाकली. तळं काठोकाठ. मालकानं मान हलवली. साडू जवळ येऊन पाण्याकडं आणि माझ्या हातातल्या काड्यांकडं बघत राहिला. "ही खून कवा शिकलास?" त्यानं विचारलं. साडूबुवा म्हणाला नाही.

मी म्हटलं, "बापाची हाय."

बापाला काडी माहीत नव्हती. बापाच्या उघाडीचं तोंड सहा हातांचं होतं.

उघाडी मग माझ्याकडंच राहिली, आणि आता माझ्या मुलाकडं आहे. साडूचा खोकला पुढच्या वर्षी थांबला, तो पुन्हा तारऑफिसात गेला, कल्याणला, आणि तिथं वाढत वाढत जमादार झाला. घड्याळ नवं घेतलं. आमचं येणंजाणं लग्नकार्यापुरतं राहिलं.

गेल्या वर्षी टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन येताना बायको म्हणाली, कल्याणला उतरू, बहिणीला बघू. उतरलो. साडू म्हातारा झाला आहे, माझ्याइतका नाही. जेवण झाल्यावर तो नव्या विजेची गोष्ट सांगायला लागला. तारेतली वीज आजवर एकाच दिशेनं जायची. आता म्हणे परमुलखात अशी वीज करतात की ती जाते आणि परत येते, पुन्हा जाते आणि पुन्हा येते, डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी वेळा. तिच्यावर दिवे लावतात. तारमास्तराकडं इंग्रजी कागद येतो, त्यात चित्रं असतात. त्या विजेच्या वाटेतही ती पत्र्यांची पेटी आणि बारीक तार घालतात, आणि मग पेटीची भरती मागं पडते. किती मागं, ते तार किती बारीक आणि पेटी केवढी यावर. पेटी काठोकाठ होते तेव्हा तारेतली वीज थांबलेली असते, आणि वीज जोरात असते तेव्हा पेटी अर्ध्यावर.

"मास्तराला ते उमजंना," साडू म्हणाला. "आकडं येतात त्याला, पन डोळ्यापुढं येत नाय. मी त्याला तुमचं तळं सांगितलं. काडी उभी राहते ती सांगितली. तवा त्याला कळलं."

म्हणजे माझी काडी इंग्रजी शिकलेल्या माणसापुढं गेली होती, आणि तीही माझं नाव घेऊन. हे ऐकून छाती भरून यायला हवी होती. मला वाटलं, हेसुद्धा यानंच केलं.

मी म्हटलं की निम्म्या ओहोटीच्या पलीकडं पेटीची भरती मागं जात नसणार.

त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. "नाय जात," तो म्हणाला. "कागदात तसंच लिवलंय. तुमाला कसं ठाव?"

मी फटीची गोष्ट सांगितली. दोन काठ्या, चार बोटांची फट. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी होळीनंतरचे ते दिवस सांगतो आहे, आणि फाल्गुनातली ती भांगाची अष्टमीही. पण तोंडातून गेलं होतं. तो मान खाली घालून ऐकत होता. मी थांबल्यावर तो सुपारी कातरायला लागला आणि कातरता कातरताच बोलला.

"म्हंजे सप्तमीच्या आदी. तुमाला ठाव होतं." आणि पुढचा काप पाडून, "तवा तुमी बांधावरच होतात. पानी फिरलेलं दिसलं नाय?"

मी म्हटलं, "डोळ्यावर ऊन होतं."

त्यानं सुपारी पुढं केली. मी घेतली. मग त्यानं आमच्या गाडीची वेळ सांगितली, घड्याळ न काढता, आणि दारापर्यंत आला.

स्टेशनाकडं जाताना बायको दोन पावलं मागं होती, नेहमीसारखी. पाण्याच्या टाकीपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "दिवस मावळतीला होता. आपल्या पाठीमागं. मीपन तितंच उभी होते."

मी वळून बघितलं नाही. इतकी वर्षं तिनं ते धरून ठेवलं होतं आणि ताटात निवटे वाढत होती, मलाही आणि तो आला की त्यालाही. मी तिला विचारलं की मग तेव्हाच का नाही बोललीस. ती म्हणाली, "तुमी बोलाल म्हनून थांबले."

हे सगळं लिहिलं ते साडूला वाचून दाखवता येईल म्हणून. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा उन्हावर जाईन, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. कल्याण काही लांब नाही, गाडी रोज जाते. अजून गेलेलो नाही. बायको रोज सकाळी कागद उचलून कोनाड्यात नीट ठेवते.